मंजूर नमुना

महानगर, लखनौ
११ सप्टेंबर २०११

ताई,

नमस्कार-चमत्कार तुझे तू समजून घे, मी सरळ भांडायलाच बसले आहे. परवा फोनवर मी विचारलं, "तब्येत कशी आहे?" आणि तू म्हणालीस, "हो हो, वांगीच आणली आज." उल्हास इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. मला नाही हसू आलं. म्हटलं, पुरे झाला हा फोन, आपली पत्रंच बरी. अख्ख्या लखनौत बहिणीला हातानं पत्र लिहिणारी मीच एकटी उरले असेन बहुतेक.

तुझा इंद्रजित मजेत आहे. आमच्याकडे येऊन दोन वर्षं होत आली त्याला. हिंदी अशी फर्डी बोलतो की सब्जीवाला भैया मला सोडून त्याच्याशीच भाव ठरवतो. घरातसुद्धा "हाँ मौसी, अच्छा मौसी" चालू असतं. परवा कान धरला आणि सांगितलं, माझ्या घरात मराठी बोलायचं. सध्या म्हणे ऑफिसांना फोटोकॉपीची मशिनं विकतो. सकाळी टाय बांधून निघाला की उल्हास म्हणतो, आपल्याला मूल नव्हतं ते आयतं वाढवलेलं मिळालं.

आता माझी बातमी. सरकार बहिऱ्या शाळकरी मुलांसाठी कानाची यंत्रं घेणार आहे आणि खरेदी समितीवर बाहेरची तज्ज्ञ म्हणून त्यांनी मला बोलावलंय. संस्थेत जन्मभर आवाजच मोजत आले, दुसरं काही येत नाही मला. कंपन्या एकेक यंत्र नमुना म्हणून देणार, मी तपासणार. जे पास होईल ते डब्यात घालून वर लाखेची मोहोर. पुढे माल आला की डबा फोडायचा आणि माल त्या नमुन्याशी ताडून बघायचा. जुळला तर पैसे, नाही तर सगळा माल परत. एवढाच काय तो आमचा धाक.

तेलीबागच्या शाळेत सुरुची म्हणून मुलगी आहे, बाप टेम्पो चालवतो. तिला मी एक चांगलं यंत्र लावून पाहिलं. स्वतःच्या पैंजणांचा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला आणि वर्गभर पाय आपटत फिरली. यंत्र काढून घेताना मात्र इतकी रडली की मीच चोर ठरले. तिला कबूल केलंय मी, तुझं तुला मिळेल. हे काम मला नीट करायचंय, ताई.

तुझी
हेमा


मिरज
२३ सप्टेंबर २०११

हेमे,

हसा, वांग्यांवर हसा. तुमचेही दिवस येतील म्हणावं उल्हासरावांना.

इकडे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, म्हणून त्याच्यासमोर पाट मांडून बसते आणि वाफ बघते. शेजारची चित्रा दार वाजवून वाजवून परत जाते आणि गल्लीत सांगते, सुनेत्राबाईंना हल्ली शिष्टपणा आलाय. शाळेत असताना मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची गं मला. पोरं म्हणायची, बाईंना पाठीलाही कान आहेत. आता पुढचेही गेले.

इंद्राला फार ओरडू नकोस. हरिहर गेल्यापासून बापाविना पोरानं एक दिवस धड बघितला नाही. सांगलीतलं दुकान बुडालं तेव्हा जेवायचाच थांबला होता. तुझ्या पदरात टाकलाय म्हणून मला झोप लागते. तो जेवढा माझा तेवढाच तुझा, हे मी काही उगीच म्हणत नाही.

एक विचारू? चिडणार नसशील तर. सरकार एवढी यंत्रं घेणार, त्यातलं एखादं नमुन्याचं मला मिळेल का? तपासून झाली की टाकूनच देत असतील ना? मला इंद्राचा आवाज ऐकायचाय. तो फोनवर बोलतो आणि मी नुसती हो हो करते. परवा तो बहुतेक काहीतरी दुःखाचं सांगत होता आणि मी हसले.

तुझी ताई


महानगर, लखनौ
१० ऑक्टोबर २०११

ताई,

चिडले नाही, पण नाही म्हणजे नाही. ते सरकारी आहे. ऑफिसातली पेन्सिलसुद्धा मी घरी आणत नाही म्हणून इथले लोक माझी टिंगल करतात, आणि तू मला यंत्र मागतेस! तुला मी माझ्या पैशानं घेऊन देणार आहे. पुढच्या वर्षी रिटायर झाले की येते आणि तुझ्या कानाचं माप घेऊनच परत जाते. तोवर कुकरसमोर बस.

आमचा नमुना ठरला. सात कंपन्यांतून एकच यंत्र असं निघालं की मोजताना मीच खूश झाले. स्वस्तही तेच. समितीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या आणि ऐन वेळी आमचे कारकून सतीशबाबू म्हणतात, "मैडम, लाख खत्म है, सोमवार को कर लेंगे." शनिवारची संध्याकाळ! म्हणजे दोन रात्री तो नमुना कुलूप मोडक्या कपाटात राहणार. त्या ऑफिसात उंदीर फार, तेही दोन पायांचे. मी म्हटलं, मग डबा माझ्याबरोबर घरी येईल. सतीशबाबू कसंनुसं तोंड करून म्हणाले, "आपका घर है मैडम, आपसे क्या कहें." आणला आणि ठेवला देवघरात, गणपतीच्या मागे. म्हटलं, याहून सुरक्षित जागा उत्तर प्रदेशात नाही.

रविवारी संध्याकाळी चौकातून लाख आणवली आणि घरीच मोहोर केली. इंद्रानं मेणबत्ती धरली, माझा हात भाजू नये म्हणून लाखही त्यानंच ओतली. मी फक्त मोहोर दाबली. आज सकाळी डबा ऑफिसात जमा केला.

आणि हो, यंत्र पास केलं तेव्हाच त्याच्यावर मी माझी स्वतःची एक खूण करून ठेवली आहे. कुठे ते कुणालाच सांगितलेलं नाही. इंद्रानं खोदून खोदून विचारलं, त्यालाही नाही, उल्हासलाही नाही, आणि तुलाही सांगणार नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही.

इंद्रा दिवाळीला तिकडे येतोय. त्याच्याबरोबर तुला रेवडी पाठवते.

हेमा


मिरज
२ नोव्हेंबर २०११

माझे हेमे,

काय लिहू आणि कसं लिहू. इंद्रानं पाडव्याच्या दिवशी माझ्या कानामागे यंत्र लावलं. सांगलीला नेऊन कानाचा साचा करून घेतला, सगळं त्यानंच केलं. पहिला आवाज कसला ऐकला सांगू? पणतीची वात तडतडली. मी दचकले. मग इंद्रा म्हणाला, "आई." एवढंच म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या बाबांसारखा झालाय हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्याला तीनदा म्हणायला लावलं.

यंत्र कुठून आलं, कसं आलं यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. तू शहाणी आहेस, समजून घे. पण मी तुझी जन्माची ऋणी आहे एवढं तरी लिहू दे. वरून फणसाचे काटे आणि आत गरे, लहानपणापासून तू अशीच. मला नाही म्हणालीस तेव्हा रडले होते, ते सगळं परत घेते.

आता फोन करत जा बरं का. येत्या रविवारी वाट बघते.

तुझी ताई


महानगर, लखनौ
१३ नोव्हेंबर २०११

ताई,

तुझं पत्र उल्हासनं मोठ्यानं वाचलं आणि आम्ही दोघंही रडलो. पोरानं मला पत्ता लागू दिला नाही! परत आला तेव्हा विचारलं, तर म्हणतो, "मौसी, किश्तों में लिया है, आईला सांगू नकोस." हप्त्यांवर घेतलं हे सांगायची त्याला लाज वाटत असणार, म्हणून तुझ्याकडेही बोलला नसेल. तू ऋणी वगैरे काय लिहितेस? दोन वर्षं दोन घास घातले, त्याचं कसलं ऋण. मुलगा तुझाच, गुण तुझेच.

मीच त्याला वेंधळा समजत होते. आज त्याच्यासाठी पुरणपोळी केली.

यापुढे पत्रं बंद, फक्त फोन. रविवारी सकाळी.

हेमा


महानगर, लखनौ
६ ऑगस्ट २०१२

ताई,

इतक्या महिन्यांनी पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहोत. फोनवर हे बोलता येत नाही. तुझा आवाज ऐकला की वाक्य पुरं होत नाही. गेले तीन रविवार मी फोन उचलला नाही तो याचसाठी.

माल आला. जुलैत शाळांना यंत्रं वाटली. मी तेलीबागला गेले तर सुरुचीच्या कानावर काहीच नाही. यंत्र तिनं दप्तरात रुमालात गुंडाळून ठेवलं होतं. मी लावून बघितलं, ताई, नुसती शिट्टी वाजते. आणि शिट्टी थांबली की पत्र्यावर खडे पडावेत असा आवाज. वर्गातल्या सगळ्या मुलांचं तेच. सुरुचीनं ते दोन बोटांत धरून मला परत दिलं आणि हातानं खूण केली, हे ते नाही. तिला कळलं, पण माल तपासून घेणाऱ्या साहेबांना कळलं नाही!

मी आरडाओरडा केला. म्हटलं, मंजूर नमुना काढा आणि ताडून बघा. सगळ्यांसमोर डबा आणला. लाख शाबूत, मोहोर माझीच. फोडला. आत यंत्र, तेच नाव, तोच रंग, तीच ठेवण. हातात घेऊन नीट बघितलं. माझी खूण नव्हती. तिथेच मोजून बघितलं, तो नमुनाही वाटलेल्या मालासारखाच फालतू. म्हणजे माल नमुन्याशी तंतोतंत जुळतो. कंपनीचे पैसे द्यायला कुणाची हरकत उरली नाही.

मी म्हटलं, हा मी पास केलेला नमुनाच नाही. तर वरचे साहेब म्हणतात, "मैडम, सील आपकी, दस्तख़त आपके. और डिब्बा तो आप ही घर ले गई थीं." सतीशबाबू खाली मान घालून बसले होते. तेव्हाच मला समजलं की ही गोष्ट त्या खोलीत आधी बोलून झालेली आहे.

आता माझी चौकशी लागली आहे. एक तर मी पैसे खाऊन भंगार पास केलं, नाही तर घरी नेऊन नमुना बदलला. रिटायर व्हायला चार महिने राहिले आहेत आणि लोक मला कॅन्टीनमध्ये जागा करून देत नाहीत. पण ते जाऊ दे. खरा नमुना सापडला तर अजूनही सगळा माल परत जाईल आणि मुलांना खरी यंत्रं मिळतील. माझी मोजणी कागदावर आहे, ती त्या यंत्राशी जुळेलच. खूण कुठे होती ते मी एका पाकिटात लिहून, पाकीट बंद करून चौकशी अधिकाऱ्यांकडे दिलं आहे. यंत्र मिळालं की फोडा म्हटलं.

घरात कोण आलं होतं त्या दोन दिवसांत? मी डोकं फोडून घेतलं. आमची कामवाली विनीता तेवढी. मी तिला नको नको ते विचारलं. बारा वर्षांची जुनी बाई, हातातला पोछा तिथेच टाकून निघून गेली. इंद्राला सांगितलं तर तोही पार उतरला. आता तो तेलीबागकडे वृंदावन योजनेत स्वतःचं घर घेऊन राहतो, तरी त्या दिवशी रात्री जेवायला आला. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "मौसी, छोड़ दो."

कसं सोडू?

हेमा


मिरज
२१ ऑगस्ट २०१२

हेमे,

पत्र मिळालं. वाईट वाटलं. तू जेवत जा वेळेवर, पित्ताची तुझी जुनी खोड आहे.

इकडे पाऊस बरा आहे. चित्राच्या मुलीचं ठरलं, मुलगा इचलकरंजीचा. लिंबाचं लोणचं घातलंय, कुणी येणारं असलं तर पाठवते. माझे गुडघे धरलेत.

मला वाटतं, तू हे आता सोडून द्यावंस. सरकारी कारभार कुठं कुणाला कळलाय? आपण परक्या मुलखातली माणसं. चार महिन्यांनी सन्मानानं घरी बसशील, कशाला निखाऱ्यावर फुंकर घालतेस. चौकशी काय, होते आणि विरते. त्या मुलांचं बघायला त्यांचे आईबाप आहेत. तू एकटीनं किती अंगावर घेणार?

इंद्राशी या विषयावर बोलू नकोस. तो हळवा आहे.

ताई


महानगर, लखनौ
५ सप्टेंबर २०१२

ताई,

तुझं पत्र वाचून मी उल्हासला म्हणाले, ही ताईची भाषाच नाही. दुसरीत असताना पाटीवरची गणितं चोरली म्हणून सख्ख्या बहिणीला वर्गाबाहेर उभी करणारी माझी ताई मला म्हणते, सोडून दे! विनीताबद्दल तर एक शब्द नाही. वाटलं, म्हातारपण आलं असेल. मग कालचा दिवस उजाडला.

काल चौकशीची बैठक होती. कंपनीच्या बाजूनं माणूस येणार होता. दार उघडलं आणि आत आला आपला इंद्रा. निळा टाय होता ना, मी त्याला वाढदिवसाला दिलेला, तोच. फाइल मांडली, सगळ्यांना हात जोडले आणि मला म्हणाला, "नमस्ते मैडम."

माझ्या तोंडून काय निघावं? "इंद्रा, अरे तू इथं कसा? जेवलास का?" खरंच, ताई, असंच विचारलं मी. जिभेला वळणच ते. तर तो माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाला, "सर, कार्यवाही हिंदी में हो तो बेहतर रहेगा."

माझ्या ताटातलं जेवला. माझ्या घरात ताप आला तेव्हा रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या त्याच्या. फोटोकॉपीची मशिनं विकतो म्हणाला, आम्ही खरं धरलं. पहिल्यापासून तो याच लोकांकडे होता. सांगलीचा दुकान बुडालेला पोरगा एका वर्षात वृंदावन योजनेत घर घेतो, आणि आम्ही दोघं खुळे त्याला पेढे देतो! आता सगळं दिसतं. देवघरात डबा, घरात उल्हास, मी आणि तो. रविवारी मी मोहोर केली तेव्हा आत एकदाही बघितलं नाही, कारण माझंच घर. ऑफिसात असते तर दहादा उघडून बघितलं असतं. मेणबत्ती तो धरून होता, ताई. माझा हात भाजू नये म्हणून.

साहेब आता काय म्हणतात माहीत आहे? "भांजा आपका, घर आपका, सील आपकी." संपलं. मी त्याच्यात सामील ठरले.

बाहेर आल्यावर टेम्पोत बसले आणि तुझं दिवाळीचं पत्र आठवलं. घरी येऊन परत वाचलं. "तू शहाणी आहेस, समजून घे." "तुझी जन्माची ऋणी." मी त्याचा किती भलता अर्थ लावला! त्यानं तुला सांगितलं ना, मावशीनं दिलंय, पण बोलू नकोस? खरं सांग. तुझा त्यात काही दोष नाही, मला ठाऊक आहे. तू मला थोर समजलीस आणि मी त्याला.

आता नीट ऐक. तुझ्या कानावर आहे ते यंत्र काढ आणि बघ, त्याच्यावर माझी खूण आहे का. असेल तर ते घेऊन ये, नाही तर कळव, मी येते. मी काल चौकशी अधिकाऱ्यांना हे सांगितलं. ते हसले, तेव्हा मी म्हटलं, माझी ताई मास्तरीण होती, ती खोटं बोलणार नाही. तिच्या उत्तराची वाट बघा. त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कंपनीचे पैसे थांबलेत.

तुला दुसरं यंत्र मी देईन, याहून चांगलं. गहाण पडेन, पण देईन.

हेमा


मिरज
१८ सप्टेंबर २०१२

हेमा,

उद्या गणपती बसायचे, आणि मी हे लिहीत बसले आहे.

तुझं पत्र आल्यापासून इंद्रा रोज फोन करतो. तू त्याच्यावर असा आळ घेशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नोकरीच्या जागी तो मराठीत बोलला नाही म्हणून तो चोर झाला? तुझ्या कृपेनं तो तिथं रुजला, आता तूच त्याला उपटायला निघालीस. तुला मूल नाही, हेमा, म्हणून तुला हे कळत नाही. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

यंत्र मी उलटंसुलटं करून बघितलं. वर नाही, खाली नाही, बॅटरीचं झाकण उघडून आत बघितलं, तिथंही रंगबिंग काही नाही. त्यानं ते सांगलीतल्या दुकानातून घेतलं, माझ्यासमोर घेतलं. हेच खरं आहे आणि हेच मी कुणालाही सांगेन.

तुला काय होणार? चार लोक बोलतील. पेन्शन आहे, उल्हासराव आहेत. त्याला धरलं तर त्याचं आयुष्य जाईल. तो रडत होता फोनवर. आता मला ऐकू येतं ना, सगळं ऐकू येतं.

मोठ्या बहिणीचा शब्द म्हणून तरी हा विषय इथे थांबव.

सुनेत्रा


महानगर, लखनौ
३० सप्टेंबर २०१२

ताई,

तू सुनेत्रा अशी सही केलीस, तरी मी ताईच लिहिते. दुसरं काही लिहून बघितलं, हात वळला नाही.

"बॅटरीचं झाकण उघडून आत" असं तू लिहिलंस. खूण तिथेच होती. जांभळ्या नखरंगाचा ठिपका. पण ती जागा मी तुला कधी सांगितलीच नव्हती. जगात फक्त मला ठाऊक होती आणि त्या बंद पाकिटाला. दर पंधरवड्याला बॅटरी बदलताना तू तो ठिपका बघितला असशील. वसतिगृहात माझ्या ताटवाटीवर, पट्टीवर मी असाच ठिपका देत असे, आणि बाटली तुझी चोरत असे. म्हणून तर तुला खात्री पटली ना, की यंत्र मीच दिलं? आणि माझं ऑगस्टचं पत्र आल्यावर तू तो पुसलास. कशानं पुसलास, रॉकेलनं? कुणासाठी पुसलास ते विचारत नाही.

इंद्रानं फसवलं तेव्हा मी रडले. तुझं पत्र वाचून रडूसुद्धा आलं नाही. उल्हास म्हणाला, बोल काहीतरी. मी म्हटलं, काय बोलू, माझी साक्षीदार फुटली. तो चोर असला तरी चोरी करताना त्याला आईची आठवण झाली. ते यंत्र गोमतीत टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं, पण तुला ऐकू यावं म्हणून त्यानं ते जपून नेलं. त्याचा मला राग करता येत नाही पुरता. तुला मात्र सगळं माहीत होतं. विनीतालाही मी घालवलं हे माहीत होतं. तू मला लोणच्याचं लिहिलंस.

काल मी विनीताच्या घरी गेले. तिनं दार उघडलं नाही. तिथून तेलीबागच्या शाळेत गेले. सुरुची ओळखीचं हसली, आणि माझ्या पर्सकडे बघत राहिली. मी काही आणलं असेन असं तिला वाटलं. मी तिच्यासमोर जास्त वेळ उभी राहू शकले नाही.

मग मी ते केलं. तुझं पत्र फाइलला लावलं. चौकशी अधिकाऱ्यांना एकेक ओळ हिंदीत करून सांगितली. मूल नसल्याचं लिहिलंस तीही ओळ सांगावी लागली. मग त्यांनी पाकीट फोडलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सतीशबाबूंनी स्वतः उठून मला पाणी दिलं. कंपनीचे पैसे आता थांबलेलेच राहतील. इंद्रा दोन दिवस झाले घरी नाही. तुझ्याकडे आला असेल तर त्याला सांग, पळून उपयोग नाही.

तुझ्या अक्षरावर आता सरकारी शिक्का आहे, पान क्रमांक आहे. जन्मभर जपलेल्या तुझ्या पत्रांतलं एक मी असं देऊन टाकलं. मलाही ते शोभलं नाही, पण करायचं तेच केलं. यापुढे मला पत्र लिहू नकोस. फोनही करू नकोस.

येत्या आठवड्यात दोन माणसं मिरजेला निघतील. यंत्र ताब्यात घेतील आणि पावती देतील. ठिपका नाही म्हणून घाबरू नकोस, त्यांना ठिपक्याची गरज नाही. आवाज मोजला की माझ्या कागदाशी जुळेल. तोवर ते काढून ठेवू नकोस, कानावरच असू दे. ती माणसं दाराची बेल वाजवतील, आणि तुला ती पहिल्याच वेळी ऐकू येईल. यंत्र उत्तम आहे. मी स्वतः तपासून पास केलं होतं.

हेमा